जिल्ह्याच्या गावातील खगोल मंडळ: दुर्बीण आधी की वही आधी?

आपल्याकडे खगोल मंडळ कसे जन्माला येते, हे पाहण्यासारखे आहे. ग्रहण, धूमकेतू किंवा एखादी यानमोहीम वर्तमानपत्रांत गाजू लागते. गावातले दोन-तीन उत्साही शिक्षक एकत्र येतात, एखाद्या दात्याकडून किंवा निधीतून दुर्बीण मिळते, नागपूरहून पाहुणे बोलावले जातात, फीत कापली जाते. पहिल्या कार्यक्रमाला तीनशे माणसे, दुसऱ्याला साठ, तिसऱ्याला आयोजक आणि त्यांची मुले. चौथ्या वेळी आभाळ भरून येते आणि पाचवी वेळ येतच नाही. दुर्बीण शाळेच्या कपाटात जाते आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये तिची एक ओळ उरते.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात ही कथा पुन्हा पुन्हा घडते, आणि दर वेळी दोष लोकांच्या अनास्थेला दिला जातो. आम्हाला तो निदानाचा सोपा मार्ग वाटतो. विदर्भात आकाशदर्शन घडवणारे हौशी गट आहेत, त्यांतले काही चिकाटीने काम करतात, त्यामुळे आस्था नाही असे म्हणता येत नाही. दोष आहे तो मंडळ सुरू करण्याच्या रूढ कृतीत. ही कृती शहरातून उचललेली आहे. ती दुर्बिणीपासून सुरू होते आणि ‘कार्यक्रम’ हेच मंडळाचे काम मानते. या दोन्ही गोष्टी तपासून पाहिल्या पाहिजेत.

आधी कार्यक्रम. समजा शाळेच्या मैदानावर दोनशे विद्यार्थी आहेत आणि एक सहा इंची परावर्ती दुर्बीण शनीवर रोखलेली आहे. प्रत्येकाला पाऊण मिनिट दिले तरी रांग संपायला अडीच तास लागतात. शंभर पट वर्धनावर दुर्बिणीतून साधारण अर्ध्या अंशाचे आकाश दिसते. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला १५ अंश सरकते, म्हणजे अर्धा अंश दोन मिनिटांत. दुर्बिणीला यांत्रिक गती नसेल, आणि शाळेच्या दुर्बिणीला ती बहुधा नसतेच, तर दर दोन-तीन विद्यार्थ्यांनंतर शनी पुन्हा शोधून मध्ये आणावा लागतो. तो मध्ये आणणारा माणूस एकच असतो. म्हणजे दोनशे मुलांच्या वाट्याला पाऊण मिनिट येते, आणि मंडळातल्या एकमेव जाणकाराला अडीच तास आकाश पाहायला मिळत नाही. या पाऊण मिनिटात मूल ‘दिसला, दिसला’ म्हणते. पुष्कळदा त्याला काहीच दिसलेले नसते. मागच्याची घाई असते म्हणून ते तसे म्हणते. शिक्षकांनी कधी दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्या मुलाला ‘कडे कोणत्या बाजूला झुकले होते?’ असे विचारून पाहावे.

शनीचेच उदाहरण आणखी थोडे पुढे नेण्यासारखे आहे. २०१७ साली शनीची कडी आपल्याकडे सर्वाधिक, सुमारे २७ अंश, कललेली होती. २०२५च्या मार्चमध्ये ती कडेवरून दिसण्याच्या स्थितीत आली आणि त्या वर्षी दुर्बिणीतून पाहणाऱ्यांना कड्याऐवजी बारीक रेघ दिसली. ज्या मंडळाने या आठ वर्षांत दरवर्षी दोन विद्यार्थ्यांकडून कागदावर शनीचे चित्र काढून घेतले असेल, त्याच्याकडे आज आठ चित्रांची एक मालिका असेल. गॅलिलिओला १६१२ साली शनीचे ‘कान’ नाहीसे झालेले पाहून जे कोडे पडले होते, ते तिच्यावरून नववीच्या वर्गाला शिकवता येईल. ज्या मंडळाने फक्त कार्यक्रम केले त्याच्याकडे फोटो आहेत. पण ते पाहुण्यांचे!

तरीही लोकांना शनी दाखवू नये असे आम्ही म्हणत नाही. पहिल्यांदा शनी पाहणाऱ्याच्या तोंडून निघणारा उद्गार खराच असतो. पण एका उद्गारावर मंडळ वर्षभर चालत नाही, इतकेच आमचे म्हणणे आहे.

आता यवतमाळच्या वर्षाकडे पाहू. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. मंडळाची स्थापना, निवडणूक, वर्गणी हे सारे जुलैत होते, म्हणजे ज्या महिन्यात आकाश दिसण्याची शक्यता सर्वांत कमी तेव्हा. सप्टेंबरअखेरपर्यंत ढग असतात. ऑगस्टच्या मध्यावर येणारा ययाती तारकासमूहातील उल्कावर्षाव आपल्याकडे जवळजवळ दरवर्षी पावसात जातो. ११ ऑगस्ट १९९९च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा गुजरात-महाराष्ट्रावरून गेला होता. बहुतेक ठिकाणी लोकांनी मोसमी ढगांखाली पडलेला अंधार तेवढा पाहिला. दसऱ्यानंतर आकाश उघडते तेव्हा सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी असते. फेब्रुवारीपासून दहावी-बारावी. एप्रिल-मे महिन्यांत घरोघरी माणसे स्लॅबवर किंवा अंगणात झोपतात, सबंध रात्र डोक्यावर आकाश असते, तेव्हा शाळेला कुलूप असते. शाळेच्या वेळापत्रकाला जोडलेले मंडळ आकाशाच्या वेळापत्रकाशी असे बरोबर उलटे बसते. याचा विचार कुठल्याही ‘मंडळ कसे सुरू करावे’ छापाच्या पुस्तिकेत आम्हाला आढळलेला नाही, कारण त्या पुस्तिका लिहिणाऱ्याला सभागृह आणि रविवार एवढेच दिसत असते.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल आयोजक सहसा बोलत नाहीत. रात्रीच्या कार्यक्रमाला मुली किती येतात? गावात, शाळेपासून तीन-चार किलोमीटर लांब राहणाऱ्या मुलीला रात्री दहाला घरी कोण सोडणार, हा प्रश्न पालक विचारतात आणि तो योग्यच आहे. दिवसाच्या विज्ञान प्रदर्शनात निम्म्या असणाऱ्या मुली रात्रीच्या मैदानावर बोटांवर मोजण्याइतक्या असतात. मैदान आणि दुर्बीण यांच्याभोवती उभे केलेले मंडळ निम्म्या वर्गाला पहिल्याच दिवशी वगळते, आणि मग ‘मुलींना खगोलाची आवड कमी’ असा निष्कर्ष काढते. जे निरीक्षण स्वतःच्या अंगणातून करता येते त्याला ही अडचण नाही.

अंगणातून करता येण्याजोगे, आणि तरीही खरे विज्ञान असलेले, असे काही आहे का? इथे आम्हाला २ एप्रिल २०२२ची संध्याकाळ आठवते. त्या दिवशी गुढीपाडवा होता. रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या बऱ्याच जिल्ह्यांतून आणि मध्य प्रदेशातून लोकांनी आकाशात जळत जाणाऱ्या तेजस्वी तुकड्यांची माळ पाहिली. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे सापडले. पुढच्या दिवसांत आसपास काही गोलाकार टाक्याही मिळाल्या. त्या रात्री उल्का, धूमकेतू, विमान, क्षेपणास्त्र असे सगळे तर्क झाले. त्याच दिवशी न्यूझीलंडहून उडालेल्या एका रॉकेटकडेही बोट दाखवले गेले. पुढे कक्षांच्या हिशेबावरून, २०२१च्या फेब्रुवारीत सोडलेल्या चिनी ‘चांग झेंग ३बी’ रॉकेटचा तो वरचा टप्पा होता, असा निष्कर्ष निघाला.

हजारोंनी ते दृश्य पाहिले. शेकडो चित्रफिती फिरल्या. पण त्यांतल्या बहुतेकांत ‘अरे बघ, बघ’ एवढेच आहे. कुठून पाहिले, नेमके किती वाजता, कोणत्या दिशेला सुरू झाले, क्षितिजापासून किती उंचीवरून गेले, किती सेकंद दिसले, या पाच प्रश्नांची उत्तरे असलेली एक ओळ हजार चित्रफितींपेक्षा मोलाची असते. सेकंदांचाच मुद्दा घ्या. नैसर्गिक उल्का सेकंदाला ११ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने वातावरणात शिरते आणि बहुधा काही सेकंदांत विझते. कक्षेतून खाली येणारा रॉकेटचा अवशेष सेकंदाला जेमतेम आठ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवा येतो. त्यामुळे तो अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त दिसत राहतो आणि त्याचे तुकडे एकामागोमाग एकाच रेषेत जातात. ज्याने मनात आकडे मोजले असतील त्याला त्याच रात्री, कोणत्याही तज्ज्ञाला न विचारता, ‘ही उल्का नव्हे’ असे सांगता आले असते.

दिशा आणि उंचीचा उपयोग तर याहून मोठा. यवतमाळ ते चंद्रपूर हे सरळ रेषेतील अंतर सुमारे १३० किलोमीटर आहे. दोन्ही ठिकाणांहून एकाच क्षणी एकाच तुकड्याची दिशा आणि उंची मोजली गेली तर त्रिकोण पुरा होतो आणि तुकडा जमिनीपासून किती वर, कोणत्या गावाच्या डोक्यावर होता हे काढता येते. मोजमापात तीन अंशांची चूक झाली तरी शंभर किलोमीटरवर ती पाच-सव्वापाच किलोमीटरची होते. शोधणाऱ्याच्या दृष्टीने हा एका-दोन गावांचा परिसर झाला. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात भर दुपारी अशनी पडले तेव्हाही हाच प्रश्न होता. वस्तीत पडलेले तुकडे मिळाले. शेताशिवारात, ओढ्यात पडलेला तुकडा शोधायचा तर आकाशातला मार्ग माहीत असावा लागतो. अशनीचा तुकडा पहिल्या पावसाआधी हाती लागणे आणि चार महिने भिजून लागणे यांत प्रयोगशाळेच्या दृष्टीने फार फरक पडतो. त्यातल्या लोखंडाला पावसाचे पाणी लागले की तो गंजू लागतो. आणि मे महिन्याच्या शेवटी पडलेल्या अशनीला विदर्भात मिळते ती मुदत तीन आठवड्यांची.

ही मोजमापे करायला काय लागते? हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश, आणि ताणलेली वीत म्हणजे साधारण २० अंश. लहान मुलाचा हात आखूड असतो तशी मूठही लहान असते, म्हणून हे माप बहुतेकांना लागू पडते. यवतमाळचे अक्षांश सुमारे २० अंश २४ मिनिटे आहेत, म्हणजे ध्रुवतारा इथे क्षितिजापासून जवळजवळ बरोबर एक वीत वर असतो. वीत तपासून घ्यायला याहून सोयीचा जिल्हा शोधून सापडणार नाही! शाळेतल्या प्रत्येक मुलीने आणि मुलाने आपल्या अंगणातून ध्रुव गाठावा, वीत लावावी, आणि आपली वीत खरी किती अंशांची ते वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. त्या दिवशी मंडळ सुरू झाले असे आम्ही समजू.

सूर्याचीही गोष्ट आहे, आणि तिला रात्र लागत नाही. पुसद आणि वणी ही जिल्ह्याची दोन टोके. त्यांच्या रेखांशांत सुमारे १.४ अंशांचा फरक आहे. अंगणात उभ्या काठीची सर्वांत आखूड सावली वणीला आधी पडते आणि पुसदला सुमारे साडेपाच मिनिटांनी. दोन शाळांनी एकाच दिवशी ही वेळ नोंदवून एकमेकींना कळवली, तर पृथ्वीचे फिरणे पुसद-वणी रस्त्यावर मोजल्यासारखे होते. यवतमाळला ही सावली घड्याळात बरोबर बाराला पडत नाही. प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून आपण पश्चिमेला असल्यामुळे सरासरी १२ वाजून १७ मिनिटांच्या आसपास पडते, आणि ऋतूप्रमाणे पुढे-मागे होते. नोव्हेंबरच्या आरंभी ती १२ वाजून एक-दोन मिनिटांनी, तर फेब्रुवारीच्या मध्यावर १२.३०च्याही पुढे. याची वर्षभराची नोंद घेतलेला वर्ग ‘स्थानिक वेळ’ हा भूगोलाचा धडा निराळ्या रीतीने वाचील. २२ मेच्या आसपास तर सूर्य माध्यान्ही नेमका डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. २१ जुलैच्या सुमारास हे पुन्हा होते, पण तेव्हा बहुधा ढग.

दुर्बिणीशिवाय केलेल्या नोंदींना शास्त्रात काय किंमत, असे विचारले जाते. २०१९च्या अखेरीस मृग नक्षत्रातला काक्षी हा तांबडा तारा मंद होऊ लागला. एरवी त्याची प्रत अर्ध्याच्या आसपास असते. २०२०च्या फेब्रुवारीत ती १.६ पर्यंत उतरली, म्हणजे तो रोहिणीहून स्पष्टपणे फिका झाला. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूतून बनलेली धूळ आड आली, असा उलगडा नंतर झाला. हा सारा चढउतार रोहिणीशी आणि मृगाच्याच दुसऱ्या ताऱ्यांशी तुलना करून नुसत्या डोळ्यांनी टिपता येत होता, आणि जगभरच्या हौशी निरीक्षकांनी टिपला. जानेवारी-फेब्रुवारीत मृग संध्याकाळी डोक्यावर असतो आणि आपल्याकडे आकाश निरभ्र. मायावतीचे तेज दर २ दिवस, २० तास, ४९ मिनिटांनी उतरते. तिला तर वाट पाहायलाही फार लागत नाही.

आधी वही आणि मग दुर्बीण हा क्रम काल्पनिक नाही. जेसोरच्या कलेक्टर कचेरीतल्या खजिन्यात कारकुनी करणारे राधागोविंद चंद्र हे प्रवेश परीक्षा पास न झालेले गृहस्थ. तीन इंची लहान दुर्बिणीवर ते निरीक्षणे करीत. जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहातला नवतारा त्यांनी स्वतंत्रपणे पाहिला. पुढे ते अमेरिकेतल्या चल तारे निरीक्षकांच्या संघटनेला नोंदी पाठवू लागले, आणि त्या नोंदींची प्रत पाहून संघटनेनेच त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला दिली. त्यांच्या निरीक्षणांची संख्या ३७,०००च्या वर गेली. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून चालली आहे, तीही एखाद्या उपकरणावर विसंबून नव्हे.

मराठी शिक्षकाला तर दूर जायलाच नको. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे व्यवसायाने शिक्षक होते. ठाणे, बार्शी, धुळे, पुणे असे ते नोकरीत फिरले. १८९६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास आजही अभ्यासकांना लागतो. त्यांच्या ‘ज्योतिर्विलास’चे दुसरे नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे आहे. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. मंडळाची बैठक एवढीच असावी असे आमचे मत आहे. तीन तासांचा कार्यक्रम ही मागाहून आलेली हौस आहे.

आकाशदर्शनाच्या व्याख्यानांबद्दलही थोडी तक्रार. वक्ता हिरव्या लेसरने मृग दाखवतो आणि ग्रीक शिकाऱ्याची कथा सांगतो. समोर बसलेल्या मुलांच्या आजीला त्याच ताऱ्यांत तिफण दिसते, आणि सप्तर्षीच्या चौकोनात बाज व मागच्या तिघांत ती पळवणारे चोर दिसतात, याची वक्त्याला वार्ताही नसते. डॉ. मयंक वाहिया, प्रा. गणेश हलकारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोंड, कोलाम, बंजारा, कोरकू या समाजांतील आकाशाविषयीची माहिती गावोगाव जाऊन गोळा केली आणि २०१३ ते २०१६ या काळात प्रसिद्ध केली. कोलामांच्या वस्त्या आपल्या केळापूर, मारेगाव, झरी भागांत आहेत, बंजाऱ्यांचे तांडे पुसद, दिग्रसकडे. रोही-रानडुकरांपासून पीक राखायला रात्री जागलीला जाणारा माणूस कोणत्या ताऱ्यावरून पहाट ओळखतो, हे विचारून लिहून घेणे हे मंडळाचे काम आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत करण्याजोगे तर हेच आहे. त्याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणारे कार्यकर्ते आम्ही पाहिले आहेत. ग्रहणात गरोदर बाईने भाजी चिरू नये या समजुतीला जरूर विरोध करावा. पण तारा पाहून वेळ ओळखणे ही समजूत नव्हे, ते निरीक्षण आहे, आणि दोन्ही एकाच गाठोड्यात बांधणारा स्वतःच नीट पाहत नसतो.

अर्थात, वहीवर चालणाऱ्या मंडळालाही धोके आहेत. सर्वांत मोठा बदलीचा. जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाची बदली झाली की मंडळ त्याच्याबरोबर जाते. दुर्बीण ‘चार्ज’मध्ये लिहून दिली जाते, आणि मोडली तर भरून द्यावी लागेल या भीतीने नवा शिक्षक ती उघडत नाही. आम्ही पाहिलेल्या एका दुर्बिणीच्या आरशावर दोन पावसाळ्यांची बुरशी होती. दुर्बीण मिळालीच तर ती वर्गातल्या चार मुलांना उघडता, जुळवता आणि पुसता आली पाहिजे; पुण्याच्या आयुकाने शिक्षक-विद्यार्थ्यांकडून आरसे घासून दुर्बिणी करवून घेतल्या त्याचे एक कारण हेच, की स्वतः घासलेल्या आरशाची भीती वाटत नाही. वहीचा दुसरा धोका म्हणजे खोटी नोंद. ढग असताना मुले शेजाऱ्याच्या वहीतून आकडा उतरवतात. ‘आज ढग, दिसले नाही’ ही नोंदही पूर्ण गुणांची आहे, हे पहिल्या दिवशीच सांगावे लागते. मग मुले तीही आनंदाने लिहितात, कदाचित जरा जास्तच आनंदाने.

वहीत रकाने फार नकोत. तारीख, घड्याळातली वेळ, ठिकाण, ढग किती, काय पाहिले, किती मुठी वर, कोणत्या दिशेला, आणि पाहणाऱ्याचे नाव. घड्याळ मोबाइलवरचे चालेल, भिंतीवरचे नको. सुरुवातीला रोज चंद्र घ्यावा. एका तिथीत तो सूर्यापासून १२ अंश दूर जातो, म्हणजे मूठभर आणि वर थोडे. पंचांग घरात असतेच, त्याच्याशी ताडून पाहता येते. डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव आपल्या कोरड्या थंडीत छान दिसतो. त्या रात्री घरच्या स्लॅबवर रजई घेऊन एक तास मोजलेल्या उल्कांचा आकडा आंतरराष्ट्रीय उल्का संघटना स्वीकारते, मात्र किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पाहिले आणि सर्वांत फिका तारा कोणता दिसत होता ते लिहिलेले हवे. यवतमाळ शहरातला आकडा आणि झरी-जामणीच्या एखाद्या पाड्यावरचा आकडा शेजारी शेजारी ठेवले, तर रस्त्यावरच्या दिव्यांनी किती उल्का खाल्ल्या तेही कळेल.